मोज्याच्या टोकाची बैठक

आमच्या वेळमाथा गावात हाताने विणलेल्या मोज्याचं टोक बंद करायचं असेल, तर पायाच्या वरच्या अंगाचे टाके आणि तळव्याकडचे टाके यांची आधी बैठक व्हावी लागते. लग्नाच्या बैठकीसारखीच. दोन्ही पक्ष आपापल्या सुईवर समोरासमोर बसतात, मधे मध्यस्थ असतो, चहा होतो, आणि बोलणी पटली की टोक सांधलं जातं. बोलणी फिसकटली तर मोजा टोक उघडं ठेवून टोपलीत पडून राहतो. अशा टोपल्या गावात पुष्कळ घरांत आहेत आणि त्यांच्याबद्दल पाहुण्यांनी विचारायचं नसतं.

मध्यस्थाचं हे काम गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. त्याआधी मी दुय्यम निबंधक कार्यालयात एकोणतीस वर्षं काढली. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, दत्तकपत्र, सगळं माझ्या डोळ्यांखालून गेलं. निवृत्त झालो त्याच आठवड्यात महिला मंडळाच्या बायका घरी आल्या आणि म्हणाल्या, "जंगम साहेब, भांडणाऱ्या लोकांची तुम्हाला सवय आहे." मी म्हणालो, "माणसांची आहे, टाक्यांची नाही." त्यावर एक जण म्हणाली, "टाके परवडले. ते रागारागाने मधेच उठून पान खायला जात नाहीत." हे मात्र खरं निघालं. सुईवरून मधेच उठलं तर काय होतं, हे टाक्यांना पक्कं ठाऊक असतं.

ज्यांच्या गावात थंडी नसते आणि मोजे दुकानातून येतात, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मोजा पोटरीकडून विणत खाली आणतात, टाच वळवतात, पाऊल विणतात आणि बोटांपाशी आलं की दोन्ही कडांनी टाके कमी करत जातात. शेवटी दोन सुयांवर सोळा-सोळा टाके उरतात. मग विणता विणता उरलेला धागा तोडून बोथट सुईत ओवायचा आणि समोरासमोरचे टाके असे जोडायचे, की मधे आणखी एक ओळ विणली आहे असंच वाटावं. शिवण दिसता कामा नये, बोटाला लागता कामा नये. त्यासाठी प्रत्येक टाक्यातून धागा दोनदा जातो, आणि विसरायला नको म्हणून बायका म्हणत असतात, "सुलट उतर, उलट थांब; उलट उतर, सुलट थांब." जो उतरतो तो टाका सुई सोडताना "येतो" म्हणतो. जातो म्हणायची पद्धत नाही. शेवटचा टाका उतरला की मोजा बोलायचा बंद होतो, आणि त्याने बोलावं अशी कोणाची अपेक्षाही नसते.

बैठक न घेता परस्पर टोक शिवणारे लोकही आहेत. त्यांनी खुशाल शिवावं. असं टोक बुटात शिरलं की उघडतं, आणि दिवसभर अंगठ्याच्या दोन्ही बाजूंनी भांडण ऐकू येत राहतं. आमच्या पोस्टमास्तरांनी असा मोजा घालून एक अख्खा हिवाळा काढला. ते पुढे स्वभावाने फार गप्प झाले.

चंद्राक्का ओंबळ्यांचं प्रकरण गेल्या डिसेंबरातलं. चंद्राक्का म्हणजे वनखात्यात गार्ड असलेल्या कैलासवासी ओंबळ्यांच्या पत्नी. वय एकाहत्तर. एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, आणि दुसऱ्यात जे उरलंय तेही जाणार असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. घरात त्या आणि त्यांची मुलगी रेश्मा. रेश्मा दत्तक. अडीच वर्षांची असताना ओंबळे दांपत्याने तिला साताऱ्याहून आणली. हे गावाला माहीत आहे आणि गाव ते काढत नाही. आमच्या गावाला ज्या थोड्या गोष्टी नीट जमतात, त्यांत मी ही धरतो.

रेश्माला हवामान खात्यात नोकरी लागली, आणि पहिलीच नेमणूक झाली उत्तरेत, बर्फाच्या डोंगरातल्या एका वेधशाळेत. तिथे थंडीत नळातलं पाणी नळातच गोठतं म्हणे. शनिवारी साडेचारच्या एसटीने ती पुण्याला निघणार होती, तिथून पुढे रेल्वे. शुक्रवारी सकाळी आक्कांचा निरोप आला आणि मी वही घेऊन गेलो.

आक्का ओटीवर उन्हात बसल्या होत्या. मांडीवर राखाडी लोकरीचा जोड. एक मोजा पुरा झालेला, दुसरा दोन सुयांवर उघडा. आत रेश्मा बॅग भरत होती आणि भरलेली बॅग पुन्हा रिकामी करत होती.

"एक झालाय, साहेब, दुसरा अडलाय," आक्का म्हणाल्या. "माझ्या हातचा हा शेवटचा जोड. पुढच्या थंडीला मला सुईचं टोक दिसायचं न्हाई. पोरीला एका मोज्यावर कशी धाडू?"

"अडलाय कशावर?"

"तेच सांगंनात. साहेबाला बोलवा म्हणत्यात."

मी दोन्ही सुया ताटात समोरासमोर ठेवल्या आणि खाली ओला पंचा घातला, म्हणजे सुया घसरत नाहीत. चहा आला. पद्धतीप्रमाणे मी दोन्ही पक्षांना नमस्कार केला आणि बोलायला कोण ते विचारलं. दोन्हीकडून डाव्या टोकाचा टाका पुढे झाला. शेवटी उतरणारा म्हणून कारभार त्याच्याकडे असतो.

वरच्या बाजूचा कारभारी फार शुद्ध बोलायचा. वरच्या बाजूचे टाके बहुधा तसेच असतात. त्यांना चप्पल घातल्यावरही लोक पाहतात. तो म्हणाला, "महोदय, आमची कोणतीही अवास्तव मागणी नाही. फक्त मोजणी व्हावी."

मी मोजले. वर सोळा. खाली पंधरा. पुन्हा मोजले. तळव्याच्या सुईवर पंधराच होते.

"प्रत्येकाला समोर एक जोडीदार लागतो," कारभारी म्हणाला. "आमच्या सोळाव्याने कोणाकडे पाहावं? एकटा राहिला तर तिथे टोकाला गाठ येणार. ती बोटाला टोचणार आणि नाव आमचं खराब होणार."

आक्कांच्या तोंडचं पाणी पळालं. "मी रोज मोजत व्हते. बोटांनी मोजत व्हते, डोळ्याचा भरवसा न्हाई म्हनून."

तळव्याच्या सुईवर चुळबुळ झाली. मग त्यांचा कारभारी बोलला. तळव्याचे टाके आपल्याच मातीतले वाटतात, निदान मला तरी. "साहेब, आमचा एक गेलाय. टाचंपासनं नवव्या वळीत. त्या दिशी पोरीच्या नोकरीचं पत्र आलं. आक्कांनी हातातलं काम न सोडता पत्र वाचून घेतलं, आन् हात थरथरला. दोन टाके एकदम सुईवर आले, दोघांचा एक झाला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं?" तो म्हणाला. "त्यांचं डोळं भरलं व्हतं. आमी म्हनलं, निभावून न्यू."

आक्कांनी पदराने चष्मा पुसला. मी वहीत लिहिलं, 'एक टाका कमी. कारण : आनंदाची बातमी.'

अशा वेळी तीन वाटा असतात. पहिली, उसवायचं. टोकापासून नवव्या ओळीपर्यंत मागे जायचं म्हणजे चाळीसेक ओळी उसवायच्या. तळव्याचे टाके "उसवा, आमची ना न्हाई" म्हणाले. पण उसवल्यावर उघडे पडलेले सगळे टाके पुन्हा सुईवर घ्यायला डोळे लागतात, आणि ते आक्कांकडे नव्हते. विणकाम दुसऱ्या कोणी करायचं नाही असा काही नियम नाही. पण रेश्मा तसं म्हणाली तेव्हा आक्कांनी सुयांवर असा हात ठेवला की तिने वाक्य अर्धं सोडलं.

दुसरी वाट म्हणजे वरचा एक टाका कमी करायचा, शेजाऱ्यात मिसळून टाकायचा. मी विचारलं, कोण तयार आहे? सोळाच्या सोळा टाके दुसरीकडे बघायला लागले.

तिसरी वाट मला स्वतःला आवडते. दोन टाक्यांच्या मधे जो आडवा धागा असतो, तो सुईने उचलायचा, त्याला एक पीळ द्यायचा, की नवा टाका तयार. तळव्याकडे असा एक उचलला की सोळाला सोळा. मी तसं सुचवलं.

वरचा कारभारी खाकरला. "महोदय, स्पष्ट बोलतो, राग नसावा. उचललेल्या टाक्याच्या खाली काही नसतं. आमच्या प्रत्येकाच्या खाली पोटरीपर्यंत ओळी आहेत. मी कोणाच्या अंगावर उभा आहे ते मी आपल्याला ओळीने सांगू शकतो. त्याच्या खाली कोण? मधली पोकळी. असा टाका आमच्या सोळाव्यासमोर बसवायचा?"

आत बॅगेची चेन लावल्याचा आवाज येत होता, तो थांबला. ओटी एवढीशी. आतल्याला सगळं ऐकू जातं. आक्कांनी माझा चहाचा कप उचलला. तो अजून भरलेला होता. मला त्या कारभाऱ्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली, पण टाक्याला कान कुठे असतो याबद्दल मंडळातच एकवाक्यता नाही.

मी बैठक दुसऱ्या दिवसावर टाकली आणि घरी आलो. दुपारभर डोकं चाललं नाही. चारच्या सुमाराला अचानक सुचलं आणि इतकं साधं सुचलं, की माझं मलाच कौतुक वाटलं. वरच्या बाजूला एक टाका जास्त होतो आहे, खालच्या बाजूला एक कमी पडतो आहे. मग वरच्यांनी आपला एक खालच्यांना दत्तक द्यावा! टाका खानदानी, ओळी पोटरीपर्यंत, कोणाची तक्रार नाही. मी ताबडतोब कागद काढला आणि जुन्या सवयीने लिहून काढलं :

'लिहून देणार : वरची बाजू, टाके सोळा, धंदा पाऊल झाकणे. लिहून घेणार : तळव्याची बाजू, टाके पंधरा, धंदा झिजणे. कारणे दत्तकपत्र लिहून देतो ऐसाजे, आमचे उजव्या कडेचा टाका आम्ही राजीखुशीने, कोणाचेही दडपणाशिवाय, तळव्याचे बाजूस दत्तक दिला असून आजपासून त्याजवर आमचा कोणताही हक्क राहिलेला नाही.'

अक्षर सुरेख आलं होतं. बायकोला वाचून दाखवलं. ती निवडत असलेल्या मेथीतून मान वर न करता म्हणाली, "फारच छान. चष्मा लावून लिहिलंत ना?" तेव्हा मला वाटलं की ती अक्षराबद्दल बोलते आहे.

शनिवारी अकराला बैठक बसली. रेश्मा या वेळी बाहेर येऊन आक्कांच्या शेजारी बसली. तिचे डोळे जरा सुजलेले होते. मी दत्तकपत्र वाचलं. वरच्या बाजूला ते मनापासून आवडलं. देणारा होण्यात एक रुबाब असतोच. कारभारी म्हणाला, "आमच्या घरातला टाका आहे. त्याला सांभाळा." तळव्याचा कारभारी म्हणाला, "साहेब, आमच्याकडं सुख न्हाई, चालनं लई हाय. पर येकटा पडू द्यायचो न्हाई." दोन्ही बाजूंनी संमती दिली. मी सुईच्या टोकाने उजव्या कडेचा टाका अलगद उचलून तळव्याच्या सुईवर सरकवला. "सरका रं जरा, पावनं आलं," असं खालून ऐकू आलं. त्या टाक्याने वरच्यांकडे एकदा वळून पाहिलं आणि मग तो नीट बसला. आक्कांनी ताटात चमचाभर साखर ठेवली.

मी वहीत 'प्रकरण निकाली' असं लिहीत होतो, तेवढ्यात रेश्माने बोटाने मोजलं.

"साहेब," ती म्हणाली, "आता खाली सोळा झाले."

"बरोबर."

"आणि वर पंधरा."

मी पेन खाली ठेवलं. एकोणतीस वर्षांत माझ्या हातून अनेक चुका झाल्या असतील, पण इतकी नीटनेटकी, सहीशिक्क्याची चूक एकही नव्हती. मेथी निवडणाऱ्या माणसालाही ती कळली होती. कोणी हसलं नाही, आणि ते मला जास्त लागलं. मी दत्तकपत्र परत फिरवायचं म्हटलं, तर दोन्ही पक्ष एकदमच म्हणाले की दिलेला टाका परत घेतला जात नाही. कायद्यानेही ते बरोबरच होतं. आणि तळव्याचा एक टाका मिसळून टाकावा हे विचारायची सोय उरली नव्हती. तिथे एकाचं तसं झालेलंच होतं.

आता वाट एकच राहिली. आडवा धागा उचलायचा, पण वरच्या बाजूला, त्यांच्याच सुईवर.

घड्याळ साडेबाराकडे आलं. रेश्माने एकदा घड्याळाकडे आणि एकदा आईकडे पाहिलं. "राहू दे आई," ती म्हणाली. "एकच नेते. दुसऱ्या पायात दुकानातला घालीन."

"गप बस," आक्का म्हणाल्या.

शेवटी वरचा कारभारी बोलला. त्याचा आवाज कालच्यापेक्षा खाली होता. "महोदय, अडचण समजून घ्या. नाकारण्याचा प्रश्न नाही. पण आम्ही एका सुईवर खांद्याला खांदा लावून बसतो. उचललेला टाका मधे आला तर तो आमच्यासारखा बसेल का? त्याला आमचं वळण कुठून येणार? त्याच्या खाली कोणी नाही."

"रेश्मा, चप्पल काढ," आक्का म्हणाल्या.

रेश्माने चप्पल काढली. आक्कांनी झालेला मोजा हातात घेतला, चाचपडत तिच्या पायात घातला आणि टाच जिथे यायला हवी तिथे आणली. मोजा कातडीसारखा बसला. मग त्यांनी तो काढला, स्वतःचा पाय पुढे केला आणि स्वतः घातला. तसाच बसला. अंगठ्यापाशी चुणी पडली नाही, टाचेत झोळ नाही.

"ही अडीच वर्सांची आली," आक्का ताटातल्या सुयांकडे बघत म्हणाल्या. "हिच्या खाली कोन व्हतं? कुनी न्हाई. कुनाची, कुठली, काय बी कागद न्हाई. पैल्या वर्षी हिचं माप घेऊन मोजं इनलं, ते महिन्यात बारीक झालं. मग इनतच गेले. पंधरा-सोळा वर्सांची झाली आन् येक दिस माजाच जोड चुकून हिच्या पायात गेला, तो बरोबर बसला. तवापासनं हिचं माप घेतच न्हाई. ह्यो जोड बी माज्या पायावर इनलाय. घ्या, बोला आता."

मी उठलो. पट्टी मागवली, दोन्ही पाय फरशीवर टेकवले आणि मोजले. टाचेपासून अंगठ्यापर्यंत दोघींचं माप एकच. करंगळी दोघींची आत वळलेली. चवडा दोघींचा रुंद. मी वहीत तसं लिहिलं आणि दोन्ही पक्षांना वाचून दाखवलं.

"हे कसं शक्य आहे?" वरच्या कारभाऱ्याने विचारलं. प्रश्नात कालचा ताठा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"एका घरात चालतोय तेवीस वर्सं," आक्का म्हणाल्या. "त्येच फरशीवर, त्येच पाणंदीनं. पायाला कोन शिकवतंय?"

रेश्माने आईच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं आणि रडली. तिला रडू येणं साहजिक होतं. मी मान वळवून आंब्याच्या झाडाकडे पाहत बसलो, झाडात पाहण्यासारखं काही नव्हतं.

वरच्या सुईवर कुजबुज झाली. पंधरा टाक्यांत कुजबुज म्हणजे फार वेळ लागत नाही. कारभारी म्हणाला, "सातव्या आणि आठव्याच्या मधे घ्या. मध्यभागी. कडेला ठेवला तर त्याला परकं वाटेल. आणि पीळ देऊन उचला, नाहीतर खाली भोक राहतं. लोक बोट घालून बघतात."

आक्कांनी सुई हातात घेतली. मी म्हणालो, मी उचलतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डाव्या हाताच्या नखाने त्यांनी सातवा टाका शोधला, मग आठवा, आणि मधला धागा सुईच्या टोकावर घेतला. एकदा निसटला. दुसऱ्यांदा आला. त्यांनी पीळ दिला. वर सोळा झाले.

नवा टाका जरा घट्ट होता, नवे असतातच. तो आजूबाजूला बघत होता. सातवा थोडा उजवीकडे सरकला आणि आठवा थोडा डावीकडे, म्हणजे त्याला सैल बसता यावं.

मग सांधणं सुरू झालं. आक्का सुई चालवत होत्या आणि रेश्मा पुढचं म्हणत होती, "सुलट उतर, उलट थांब. उलट उतर, सुलट थांब." जिथे आक्कांना दिसत नव्हतं तिथे टाके स्वतःच थोडे पुढे वाकत होते. मी असं आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. एकेक टाका "येतो" म्हणत उतरत होता. दत्तक गेलेला उजवा टाका तळव्यातून सगळ्यांत आधी उतरला, त्याने दोन्ही सुयांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने "येतो" म्हटलं. आक्का दर चार टाक्यांनी धागा बोटाने ओढून सारखा करत होत्या. धागा जास्त ओढला तर शिवण आवळते आणि कमी ओढला तर टाके लोंबतात, त्यामुळे हे काम डोळ्यांपेक्षा बोटांचंच आहे.

नव्या टाक्याची पाळी आली तेव्हा सुई थांबली. तो काही म्हणेना. त्याला जन्मून अर्धा तासही झाला नव्हता, रीत कुठून ठाऊक असणार?

"कुठे जायचंय?" त्याने विचारलं.

वेधशाळेचं नाव मला येत नव्हतं. रेश्माला येत होतं, पण तिने सांगण्याआधीच वरचा कारभारी सुईच्या टोकावरून म्हणाला, "आमच्याबरोबर, बाळा. तू नुसतं 'येतो' म्हण."

"येतो," तो म्हणाला आणि उतरला.

पावणेतीनला शेवटचे दोन कारभारी उरले. त्यांनी एकमेकांना नमस्कार केला. तळव्याचा म्हणाला, "काय चुकलं-माकलं आसंल तर..." वरचा म्हणाला, "छे छे, आमचंच." दोघे एकदमच उतरले. आक्कांनी धाग्याचं टोक मोज्याच्या आत घेतलं, चार टाक्यांमागे दडवलं आणि कातरलं. मोजा गप्प झाला.

स्टँडवर आम्ही तिघं गेलो. बॅग मी उचलली, कारण मला त्या दत्तकपत्राची अजून लाज वाटत होती. रेश्माने जोड तिथेच बाकावर बसून पायात घातला होता. आक्का म्हणाल्या होत्या, डोंगरात जाईपर्यंत बॅगेत ठेव, पण तिने ऐकलं नाही. गाडी लागली. तरी ती उठेना. तिने उजवा पाय मांडीवर घेतला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आणि पुन्हा उलटा.

"साहेब, उचललेला कुठला हो यातला?"

मी चष्मा लावला. तो मधोमध होता, आठवा, हे वहीत लिहिलेलं होतं. मी वाकून उजवीकडून मोजलं, मग डावीकडून मोजलं. ओळ सरळ होती आणि सगळे टाके सारखे होते. तिसऱ्यांदा मोजताना कंडक्टरने घंटी दिली.

"मला सापडत नाही," मी म्हणालो. मी खरंच शोधला होता.

रेश्माने आईचा हात धरला आणि तिची बोटं शिवणीवर टेकवली. आक्कांनी एकदा बोटं फिरवली. मग हात तिथेच ठेवला.

"मला बी न्हाई," आक्का म्हणाल्या. "जा आता. गाडी सुटंल."

"येते," रेश्मा म्हणाली.